कोटाच्या खिशात मावणारा चोर

सकाळी मिलानच्या कादोर्ना स्टेशनात गाडी लागली की डब्यांतून माणसांचा लोंढा बाहेर पडायचा. कारकून, कामगार, टायपिस्ट मुली, बँकेतले साहेब. संध्याकाळी हाच लोंढा उलट्या दिशेनं उपनगरांकडे परतायचा. 1960 च्या आसपासची ही गोष्ट. युद्धाची राख झटकून इटली नुकती उभी राहिली होती. उत्तरेकडच्या कारखान्यांना माणसं पुरत नव्हती आणि लोकांच्या हातात थोडा पैसा खुळखुळू लागला होता. आंजेला जुस्सानी नावाची चाळिशीला टेकलेली बाई ही गर्दी रोज न्याहाळत असे. तिला एकच गोष्ट जाणून घ्यायची होती: गाडीत बसल्यावर ही माणसं वाचतात काय?

बरेच जण रहस्यकथा वाचत होते. इटलीत रहस्यकथेला ‘जाल्लो’, म्हणजे पिवळी, म्हणतात. मोंदादोरी या प्रकाशनानं 1929 पासून गुन्हेगारी कादंबऱ्या पिवळ्या वेष्टनात काढल्या आणि त्या रंगाचंच पुढे साहित्यप्रकाराला नाव पडलं. मात्र कादंबरी जाडजूड आणि प्रवास आखूड. खुनी सापडण्याआधी स्टेशन यायचं. डब्यात सीट मिळाली नाही तर एका हातानं पान उलटायचं कसं, हा प्रश्न निराळाच. चर्चगेटच्या लोकलमध्ये उभ्यानं वर्तमानपत्राची घडी वाचणाऱ्याला ही अडचण वेगळी समजवावी लागणार नाही.

आंजेलानं उत्तर काढलं ते असं: गोष्ट चित्रांत सांगायची, एका अंकात संपवायची आणि अंक कोटाच्या खिशात मावला पाहिजे.

ही बाई त्या काळच्या मिलानच्या मानानं जरा जास्तच धीट होती. जन्म 1922 चा. रूप देखणं, त्यामुळे काही काळ जाहिरातींसाठी मॉडेलिंग केलं. गाडी चालवायची, विमान चालवण्याचा परवानाही काढला होता. नवरा जीनो सान्सोनी प्रकाशक. त्याच्या संस्थेचं नाव आस्तोरिया. नवऱ्याच्या कचेरीत काम करून धंद्याचे खाचखळगे कळल्यावर बाईंनी स्वतःची वेगळी संस्था काढली आणि तिला नाव दिलं ‘आस्तोरिना’, म्हणजे धाकटी आस्तोरिया. पहिला डाव मात्र फसला. ‘बिग बेन बोल्ट’ या अमेरिकन मुष्टियोद्ध्याची चित्रमालिका त्यांनी इटालियनमध्ये आणली आणि ती चालली नाही. कादोर्नावरच्या गर्दीकडे पाहण्याची वेळ आली ती या तोट्यानंतर. भांडवल बेताचंच होतं, म्हणून दुसऱ्यांदा चुकायची सोय नव्हती.

अंकाचं माप ठरलं बारा सेंटिमीटर रुंद आणि सतरा सेंटिमीटर उंच. इटलीत चित्रकथांना ‘फुमेत्ती’ म्हणतात. पात्रांच्या तोंडून निघणारे संवादाचे फुगे धुराच्या वलयांसारखे दिसतात, त्यावरून हे नाव आलं. तोवरचे फुमेत्ती मुख्यतः पोरांसाठी असत. ‘टेक्स’ हा 1948 पासूनचा लाडका काउबॉय आडव्या, चिंचोळ्या पट्टीवजा पुस्तिकांमधून घोडा दौडवत असे. आस्तोरिनाचं पुस्तक उभं होतं, बांधणी कादंबरीसारखी, पानं सव्वाशेच्या घरात आणि किंमत 150 लिरा.

मापावरून पुढचं बरंचसं आपोआप ठरत गेलं. तळहाताएवढ्या पानावर सहा-आठ चौकटी कोंबल्या तर काहीच दिसणार नाही. म्हणून एका पानावर साधारण दोनच चौकटी आल्या, क्वचित तीन. चौकटी कमी म्हटल्यावर चेहरे मोठे झाले आणि डोळ्यांना महत्त्व आलं. पार्श्वभूमी कापली गेली. दर दोन-तीन चौकटींनंतर वाचकाला पान उलटावं लागतं, म्हणून दचकवणारी गोष्ट नेमकी पान उलटल्यावर दिसेल अशी बेतणी सुरू झाली. दिवाणखान्यात पसरून वाचायच्या मोठ्या अल्बमांत ही लय जमली नसती. ती गाडीच्या डब्यानंच घडवली.

आता नायक कोण? आंजेला पुढे सांगत असे की गाडीत कुणीतरी विसरून गेलेली फान्तोमासची एक कादंबरी तिच्या हाती लागली. पिएर सुव्हेस्त्र आणि मार्सेल आलँ या फ्रेंच जोडगोळीनं 1911 ते 1913 या काळात फान्तोमासचे 32 भाग लिहिले होते. वेषांतरात निष्णात, निर्दय आणि कधीच हाती न लागणारा असा तो गुन्हेगार. गाडीत सापडलेल्या पुस्तकाची ही कथा जरा फारच नेटकी वाटते. धंद्यात यश आलं की माणसं आरंभाला अशी एखादी कथा चिकटवतात. पण फान्तोमासची उसनवारी लपवण्याजोगी नव्हती आणि बाईंनी ती लपवलीही नाही.

नावाची गोष्ट अधिक काळी आहे. 1958 साली तुरीनमध्ये एक खून झाला आणि पोलिसांना डिवचणारी कोड्यात लिहिलेली पत्रं आली. खाली सही होती ‘दियाबोलिख’. खुनी सापडला नाही, पण वर्तमानपत्रांनी ते नाव घरोघर पोहोचवलं. चार वर्षांनी आस्तोरिनाच्या अंकावर जवळपास तेच नाव झळकलं, फक्त शेवटच्या ‘सीएच’ऐवजी ‘के’ घालून. इटालियन लिपीत ‘के’ हे अक्षर परकं. ते येतं परभाषेतल्या शब्दांत, म्हणून दिसायलाही जरा धोकादायक वाटतं.

1 नोव्हेंबर 1962 रोजी ‘दियाबोलिक’चा पहिला अंक आला. त्या अंकाच्या शीर्षकाचा अर्थ ‘दहशतीचा राजा’. मुखपृष्ठ ब्रेन्नो फ्यूमालीनं रंगवलं होतं आणि आतली चित्रं आंजेलो झार्कोने नावाच्या माणसानं काढली होती. अंगावर घट्ट काळा पोशाख, डोळे सोडून सगळा चेहरा झाकलेला, हातात सुरा. हा माणूस दरोडे घालतो, खून करतो, दुसऱ्यांचे चेहरे मुखवट्यासारखे चढवतो आणि शेवटी निसटतो. इन्स्पेक्टर जिंको त्याच्या मागावर असतो, आणि मागावरच राहतो.

काळापहाड आणि झुंजार यांच्यावर पोसलेल्या मराठी वाचकाला कायद्याबाहेरचा नायक नवीन नाही. बाबूराव अर्नाळकरांनी हजाराहून जास्त रहस्यकथा लिहिल्या, त्याही अशाच सुटसुटीत, स्वस्त आणि एका बैठकीत संपणाऱ्या. पण अर्नाळकरांचे साहसवीर कायदा मोडायचे ते कुणाचं तरी भलं करण्यासाठी. दियाबोलिकला सुरुवातीला असलं कुठलंच ओझं नव्हतं. तो स्वतःसाठी चोरायचा आणि आडवा आलेला पहारेकरी, नोकर, साक्षीदार, कुणीही असो, मारून मोकळा व्हायचा. कॅथलिक इटलीत, पाद्र्यांच्या आणि पालकांच्या नाकासमोर, ही मालिका एका बाईनं काढली होती.

लवकरच एकीच्या दोघी झाल्या. आंजेलाची धाकटी बहीण लुचाना व्हॅक्युम क्लीनर विकणाऱ्या कंपनीत नोकरीला होती. ती नोकरी सोडून ती आस्तोरिनात आली आणि पुढच्या अंकांवर ‘ए. आणि एल. जुस्सानी’ अशी जोडनाव सही येऊ लागली. आद्याक्षरांवरून लेखक बाई की पुरुष हे कळायला मार्ग नव्हता. कादोर्नावर अंक विकत घेणाऱ्या कितीतरी गृहस्थांनी हे दोन पुरुषांचं लिखाण समजून वाचलं असणार.

मार्च 1963 चा तिसरा अंक म्हणजे या मालिकेचा खरा जन्म, असं म्हटलं तर जाणकार हरकत घेणार नाहीत. त्याचं शीर्षक ‘दियाबोलिकची अटक’. गोष्टीत दियाबोलिक वॉल्टर डोरियन या नावानं प्रतिष्ठित गृहस्थ म्हणून राहतो आहे आणि एलिझाबेथ नावाच्या भाबड्या मुलीशी त्याचं जमलेलं आहे. तिला त्याचं खरं रूप कळतं, ती हादरते आणि पोलिसांना बोलावते. तेवढ्यात शहरात एक श्रीमंत विधवा येते, लेडी एव्हा कांट. तिच्याकडे एक दुर्मीळ गुलाबी हिरा असतो. दियाबोलिक तो चोरायला येतो आणि तिच्या प्रेमात पडतो. त्याला अटक होते, खटला चालतो आणि गिलोटिनची शिक्षा ठोठावली जाते. न्यायखात्याचा एक बडा अधिकारी एव्हाला ब्लॅकमेल करून लग्नासाठी तिच्या मागे लागलेला असतो. एव्हा आपल्या बुद्धीनं डाव उलटवते: पात्याखाली मान जाते ती दियाबोलिकचा मुखवटा चढवलेल्या त्या अधिकाऱ्याची.

एकाच अंकात दोन बायका आहेत. एक नियमानं वागते आणि कथेतून पुसली जाते. दुसरी नायकाला वाचवते आणि पुढची साठ वर्षं त्याच्या शेजारी उभी राहते. त्या काळच्या साहसकथांत नायिकेचं काम बहुधा दोरखंडानं बांधून घेण्याचं आणि किंचाळण्याचं असे. एव्हा कांट बेत आखते, गाडी हाकते, वेळ आली तर दियाबोलिकशी भांडते आणि त्याच्यावर मातही करते. सुरुवातीच्या काही अंकांत तो तिच्यावर गुरकावतो, संशय घेतो. तो तोरा हळूहळू उतरला. दियाबोलिक ही कल्पना फान्तोमासवरून उचललेली म्हणता येईल. एव्हा मात्र पूर्णपणे जुस्सानी भगिनींची. मालिका टिकली ती तिच्यामुळे. नुसता एकटा खुनी माणूस वीस-पंचवीस अंकांत वाचकाला कंटाळवाणा झाला असता.

चित्रकारांचं गाडं मात्र अजून रुळावर येत नव्हतं. पहिल्या अंकाची चित्रं ओबडधोबड होती. दुसरा अंक कालिस्सा या नावानं काम करणाऱ्या चित्रकर्तीनं काढला. मग लुइजी मार्केझी आला. 1964 मध्ये पहिला अंक पुन्हा बाजारात आणायचा ठरला तेव्हा बहिणींनी जुनी चित्रं बाजूला ठेवून तो मार्केझीकडून सगळाच नव्यानं काढून घेतला. घडी बसली ती दहाव्या अंकापासून, एन्झो फाच्चोलो आल्यावर. तो ॲनिमेशनच्या धंद्यातून आलेला. हॉलिवूडच्या रॉबर्ट टेलरची नजर त्यानं दियाबोलिकला दिली असं सांगतात. धारदार भुवया, सरळ नाक, थंड डोळे. तोच चेहरा पुढे कायम झाला. यंत्रं काढण्यात फाच्चोलोचा हात बसलेला होता, आणि या कथांना त्याची फार गरज होती.

कारण आस्तोरिनात एक अलिखित कायदा होता: युक्ती कितीही अचाट असो, ती समजावून सांगता आली पाहिजे. दियाबोलिकच्या काळ्या ई-टाइप जॅग्वारच्या मागे पोलिसांच्या गाड्या लागतात आणि वळणावर जॅग्वार गायब होते. दोन पानांनंतर मागे वळून चित्रांतून उलगडा होतो की रस्त्याचा तुकडा कुठे खाली सरकला आणि कडा कुठे उघडला. मुखवटे खास प्लॅस्टिकचे. बंद खोलीतल्या माणसाकडून तिजोरीची माहिती काढायची तर पेंटोथॉलचं इंजेक्शन. विज्ञानाच्या कसोटीवर यातलं किती टिकेल हा भाग वेगळा, पण जादूटोणा नाही, योगायोगाची खैरात नाही. अलौकिक शक्ती वगैरेही काही नाही. दियाबोलिक गोळी लागली तर जखमी होतो. वाचक फसवला जातो, पण लबाडीनं नव्हे.

असा अंक तयार होण्याची रीतही कारखान्यासारखी ठरून गेली. आधी गोष्टीचा आराखडा, मग चौकटीगणिक पटकथा. एक चित्रकार पेन्सिलीनं काढणार, दुसरा शाई फिरवणार, तिसऱ्याच्या हाती संवादांची अक्षरं. छपाई काळ्या रंगात, म्हणून राखाडी छटेसाठी ठिपक्यांचे तयार कागद कापून चिकटवायचे. 1965 पासून अंक पंधरवड्याला येऊ लागला, तेव्हा या साखळीतला एकही दुवा ढिला पडून चालण्यासारखं नव्हतं. 1969 मध्ये सेर्जो झानिबोनी आला आणि दियाबोलिकच्या चेहऱ्याला त्यानं आपलं वळण दिलं. पण इथे चित्रकारानं आपली शैली मिरवायची नसे. वाचकाला हात बदललेला कळला तर ते अपयश. अनेक गुणी माणसांनी या शिस्तीत आयुष्य काढलं. ते योग्य होतं की अन्याय, यावर मतं वेगवेगळी असतील.

यश मिळालं म्हटल्यावर नकलाही आल्या, आणि बहुतेकांच्या नावात ‘के’. 1964 साली एदितोरियाले कोर्नो या प्रकाशनानं ‘क्रिमिनल’ काढलं आणि त्याच वर्षी ‘सतानिक’. लेखक मॅक्स बंकर म्हणजे लुचानो सेक्की, चित्रकार माग्नुस म्हणजे रोबेर्तो राव्हियोला. क्रिमिनल सांगाड्याची चित्रं असलेला पोशाख घालून खून करतो. सतानिक ही बाईच आहे, औषधानं सुंदर झालेली खुनी शास्त्रज्ञ. माग्नुसची रेघ दियाबोलिकच्या कुठल्याही चित्रकारापेक्षा सरस होती, हे प्रामाणिकपणे मान्य करायला हवं. पण मागून आलेल्या बाकीच्या मालिकांत रक्त आणि उघडं अंग हेच मुख्य भांडवल उरलं. मुंबईत 1964 मध्येच ‘टाइम्स ऑफ इंडिया’नं इंद्रजाल कॉमिक्स सुरू केलं आणि वेताळ गुन्हेगारांच्या जबड्यावर कवटीचा ठसा उमटवू लागला, तेव्हा इटलीतले काळे फुमेत्ती गुन्हेगारालाच सिंहासनावर बसवून मोकळे झाले होते.

व्हायचं ते झालं. वर्तमानपत्रांतून ‘काळ्या फुमेत्तीं’विरुद्ध आरडाओरड सुरू झाली, सरकारी वकिलांनी अंक चाळले, खटले उभे राहिले. गुन्ह्याला चिथावणी देण्याचा आरोप दियाबोलिकवरही आला. मुखपृष्ठावर ‘प्रौढांसाठी’ असं छापलेलं असे, पण पोरं ते वाचतच होती, हे बहिणींनाही ठाऊक असणार. न्यायालयांतून त्या सुटल्या. मात्र या धामधुमीच्या वर्षांत दियाबोलिकचा स्वभाव पालटत गेला. वाटेत आला म्हणून मारणं कमी झालं. चोरी व्हायची ती माजलेल्या सावकारांकडे, खंडणीखोरांकडे, टोळ्यांच्या म्होरक्यांकडे. दिलेला शब्द पाळणं आलं, जिंकोबद्दलचा आदर आला. खटल्यांच्या भीतीनं नखं काढली असं कुणी म्हणतं. तेही खरं असेल, पण शेकडो अंक एकाच नायकाबरोबर काढायचे तर त्याच्यात वाचकाला आवडण्याजोगं काहीतरी असावं लागतं, हा हिशेबही त्यात होताच. शिवाय सगळं घडतं ते क्लेरव्हिल नावाच्या कल्पित शहरात. तिथले मूर्ख मंत्री आणि लाचखाऊ न्यायाधीश कुठल्याही खऱ्या देशाचे नव्हते, त्यामुळे कुणाला अंगावर ओढून घेता येत नव्हतं.

मार्च 1968 च्या अंकाचं शीर्षक होतं ‘दियाबोलिक, तू कोण?’. दियाबोलिक आणि जिंको दोघंही एका टोळीच्या तावडीत सापडले आहेत, मरण समोर आहे आणि जिंको हा प्रश्न विचारतो. दियाबोलिक सांगतो: जहाज फुटलं, मी तान्हा होतो, गुन्हेगारांच्या एका बेटावर वाढलो. बेटाचा म्होरक्या किंग यानं एक काळा बिबळ्या मारून पेंढा भरून ठेवला होता. त्या जनावराचं नाव दियाबोलिक. माझं खरं नाव मलाही ठाऊक नाही. पाच वर्षांहून जास्त वाट पाहायला लावून दिलेलं हे उत्तर आजही या मालिकेतलं सर्वांत गाजलेलं प्रकरण मानलं जातं.

त्याच वर्षी सिनेमाही आला. निर्माता दिनो दे लाउरेन्तीस, दिग्दर्शक मारिओ बाव्हा, संगीत एन्निओ मोरिकोने. आधी सेथ होल्टच्या दिग्दर्शनाखाली सुरू केलेलं चित्रण बंद पाडावं लागलं होतं. मग एव्हाच्या भूमिकेत कॅथरीन देनव्ह आली आणि थोड्याच दिवसांत गेली. शेवटी मारिसा मेल उभी राहिली. दियाबोलिक झाला जॉन फिलिप लॉ. पुस्तकातल्या शांत, मोजूनमापून पावलं टाकणाऱ्या चोराऐवजी पडद्यावर दिसला तो नोटांच्या गादीवर लोळणारा रंगेल तरुण. 1969 मध्ये तर खुद्द डोनाल्ड डकलाही हा संसर्ग झाला. इटलीतल्या डिस्नेच्या मासिकात एलिसा पेन्ना, ग्विदो मार्तिना आणि जोव्हान बात्तिस्ता कार्पी यांनी ‘पापेरिनिक’ जन्माला घातला: दिवसा सगळ्यांची बोलणी खाणारं बदक, रात्री मुखवटा चढवून सूड घेणारा चोर. नावाच्या शेवटी अर्थातच ‘के’.

कचेरीत बहिणींचा कारभार कडक होता. दोघींनी आपली मतं घरात ठेवली नाहीत. दियाबोलिक आणि एव्हा यांनी लग्न न करताच संसार थाटला होता. 1974 मध्ये घटस्फोटाचा कायदा रद्द करायचा का यावर सार्वमत घ्यायचं ठरलं, तेव्हा जुस्सानी भगिनी कायद्याच्या बाजूनं उघड उभ्या राहिल्या. मे महिन्यात मतदान झालं, 59 टक्क्यांहून अधिक लोकांनी कायदा राखला.

फेब्रुवारी 1987 मध्ये आंजेला गेली. लुचानानं एकटीनं सूत्रं हाती ठेवली. 31 मार्च 2001 रोजी तीही गेली आणि 1960 च्या दशकापासून गोष्टी रचत आलेल्या मारिओ गोंबोलीकडे जबाबदारी आली. अंकांनी नऊशेचा आकडा कधीच मागे टाकला आहे. 2021 मध्ये मानेत्ती बंधूंनी नवा सिनेमा काढला तेव्हा त्यांनी निवडली ती तिसऱ्या अंकाचीच गोष्ट, हिऱ्याची आणि गिलोटिनची. पहिला अंक आज संग्राहकांच्या बाजारात सोन्याच्या मोलानं विकला जातो.

आणि त्या पहिल्या अंकाचा चित्रकार? आंजेलो झार्कोनेला कचेरीत ‘जर्मन’ म्हणत, त्याच्या सोनेरी केसांवरून. 1962 मध्ये तो पानं देऊन गेला आणि परत आलाच नाही. बरीच वर्षं कुणी फारशी चौकशीही केली नाही. चित्रं काही फार चांगली नव्हती. पण मालिकेला वीस वर्षं झाली तेव्हा बहिणींना तो समारंभाला हवासा वाटला. त्यांनी टॉम पोन्झीला गाठलं, इटलीतला सर्वांत नावाजलेला खासगी गुप्तहेर. पोन्झीनं माग काढायचा प्रयत्न केला. झार्कोने काही त्याच्या हाती लागला नाही.